खुर्चीला किती, माणसाला किती

ऑपरेशन थिएटरला नव्याने आलेल्या सिस्टर थोड्या रुळल्या की मला बाजूला घेऊन एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, मोठे सर कसेही वागले तरी मान द्यायचाच का?" कुणी रडवेली होऊन विचारते, कुणी तावातावाने. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले, आता नव्यांना शिकवते. हुद्द्यांची उतरंड तिथे जितकी उघड दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. टेबलाच्या कुठल्या बाजूला कुणी उभं राहायचं इथपर्यंत सगळं ठरलेलं. म्हणून उदाहरणं मी तिथलीच देणार. तुम्ही कचेरीत असाल, शाळेत असाल किंवा गणवेशात असाल, तर "सर"च्या जागी आपापले साहेब घालून वाचा.

आधी प्रश्न सुटा करून घ्या

"मान द्यायचा का" असं विचारताना आपण दोन वेगळ्या गोष्टींचं एकच गाठोडं बांधतो. एक गोष्ट वागणुकीची: समोरच्याशी नीट बोलणं, त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेणं, जो निर्णय त्याच्या पदाचा आहे तो त्याला घेऊ देणं. दुसरी गोष्ट भरवशाची: हा माणूस सांगतोय म्हणजे ते बरोबरच असणार, असं मनापासून वाटणं. स्टीफन डार्वल नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७७ साली हाच फरक मांडला होता. एक आदर समोरच्याचं स्थान ओळखून द्यायचा, दुसरा त्याचे गुण पारखून. मला हे नाव फार उशिरा कळलं. थिएटरमधल्या जुन्या मावशी मात्र हा फरक रोज पाळत होत्या, कुणी न शिकवता.

पहिली गोष्ट पहिल्या दिवसापासून द्या, न मागता, सगळ्यांना. दुसरी पहिल्या दिवशी कुणालाच देऊ नका. पुढे जे सांगणार आहे तो याचाच तपशील.

वागणूक आधी का द्यायची? अपरात्री इमर्जन्सी येते, टेबलावर रक्तस्राव चालू असतो आणि समोरच्या सर्जनना तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत असता. तेव्हा "आधी यांनी माझा आदर कमवावा" म्हणून थांबलात तर रुग्ण हातचा जाईल. त्यांनी क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, मागितला की क्लॅम्प हातात पडला पाहिजे. त्या क्षणी तुम्ही मान देता तो त्या पदापर्यंत पोचायला लागणाऱ्या शिक्षणाला, परीक्षांना, आणि उद्या काही बिघडलं तर जबाब त्यांनाच द्यावा लागणार आहे या गोष्टीला. माणूस कसा आहे ते नंतर कळेलच.

आणि सगळ्यांना म्हणजे खालच्यांनाही. "मान मिळत नसतो, कमवावा लागतो" हे वाक्य मी खूप ऐकलं आहे. वर बघून ते म्हणताना माणसाला आपण फार बाणेदार आहोत असं वाटतं. तोच माणूस खाली बघतो तेव्हा त्याच वाक्याआड कंजूषपणा करतो. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनी असं काय कमवून दाखवायचं, की मग तुम्ही त्यांना नावाने हाक माराल?

या वागणुकीत लोक नको तेवढं कोंबतात, म्हणून नेमकं सांगते. नावाने किंवा हुद्द्याने हाक मारणं, बोलणं मध्येच न तोडणं, तक्रार असेल तर ज्याची आहे त्याच्याशीच बोलणं आणि तेही रुग्णाच्या नातेवाइकांसमोर नाही. घाईच्या वेळी आधी काम करणं आणि कारण मागाहून विचारणं, अर्थात त्यात कुणाला इजा होणार नसेल तर. झालं. त्यांच्या विनोदाला हसणं यात येत नाही. त्यांची घरची कामं करणं येत नाही. ते चिडतील म्हणून केस पेपरवर वेळ बदलून लिहिणं तर मुळीच येत नाही.

भरवसा कसा जोखायचा

वय, पदव्या आणि आवाज यांवरून जोखू नका. नव्या सर्जनच्या बाबतीत मी सर्वांत आधी एकच गोष्ट बघत आले: मध्येच थांबवलं की हा माणूस काय करतो.

पोटाचं ऑपरेशन घ्या. सुरुवातीला गॉज, मॉप (रक्त टिपायची छोटी-मोठी कापडं), सुया, हत्यारं मोजतात. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजतात, शेवटी त्वचा शिवताना आणखी एकदा. सर्जनच्या हातात हत्यारं देणारी स्क्रब सिस्टर आणि टेबलाबाहेरचं बघणारी फ्लोअर सिस्टर, दोघींनी मिळून, मोठ्याने. एक मॉप कमी भरला की स्क्रब सिस्टरने म्हणायचं, "सर, काउंट जुळत नाही." आता दोन तऱ्हा बघा. एक सर्जन हात थांबवतात. "परत मोजा, तोवर मी आत बघतो," म्हणतात. मॉप बहुतेक वेळा बादलीत नाहीतर चादरीच्या घडीत सापडतो, आणि ते वावगा शब्द न काढता पुढचा टाका घेतात. दुसरे म्हणतात, "तुमचंच मोजणं चुकलं असेल. मी आत काही ठेवलेलं नाही." आणि सुई चालूच ठेवतात.

दोघांचा हात सारखाच चांगला असेल. दुसऱ्यांचा थोडा जास्तच, असंही पाहिलं आहे. पण पहिल्यांचा शब्द पुढच्या वेळी माझ्या लेखी जड होतो आणि दुसऱ्यांचा प्रत्येक शब्द मी तपासून घेते. मोजणी चालू असते तेवढा वेळ अधिकार सिस्टरचा असतो, मग ती कालच रुजू झालेली का असेना. हे ज्या सर्जनना मनापासून पटलेलं असतं त्यांना स्वतःच्या अधिकाराचीही हद्द ठाऊक असते.

बाकी खुणा चटकन सांगते. "हे मला जमणार नाही, अमक्यांना बोलवा" असं म्हणू शकणारा. हात धुण्याचा नियम स्वतःलाही लावणारा. बिघडलं की नातेवाइकांपुढे ज्युनियरला न ढकलता स्वतः जाणारा. शेवटची खूण मिळायला वेळ लागतो, पण ती मिळाली की बाकीच्या फारशा बघाव्या लागत नाहीत.

भरवसा ठेवायचा तोही कप्प्याकप्प्याने. आमच्याकडे एक सर होते. पित्ताशयाचं काम असं करायचे की बघत राहावं. त्या कामात मी त्यांच्यावर डोळे मिटून विसंबले असते. पण औषधाच्या मात्रेत त्यांची गडबड व्हायची, तिथे मी भूल देणाऱ्या मॅडमकडून खात्री करून घ्यायची. आणि ड्युटी लावण्यात ते उघड उघड आपपरभाव करायचे, तिथे तर काडीचाही भरवसा नाही. एका कप्प्यात कमावलेलं दुसऱ्या कप्प्यात आपोआप जमा करू नका. मोठ्या माणसांच्या बाबतीत हीच गल्लत सर्रास होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. थोर माणसाबद्दल कृतज्ञ राहण्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. कृतज्ञतेला मर्यादा हवी, एवढंच म्हणणं होतं.

"मी नसतं ऐकलं" असं समजू नका

हा भाग नव्या मुलींना आवडत नाही, कारण प्रत्येकीला वाटतं आपण वेगळ्या आहोत. १९६६ साली चार्ल्स हॉफलिंग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वॉर्डमध्ये एकट्या असलेल्या नर्सला अनोळखी डॉक्टरचा फोन येतो: अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेन या औषधाचे २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. औषधाच्या लेबलवर स्पष्ट छापलेलं होतं की दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. फोनवरून असं औषध द्यायला नियमाने बंदी होती. आत खरं तर निरुपद्रवी गोळ्या होत्या, आणि नर्सला खाटेपाशी पोचण्याआधी अडवलं जायचं. २२ पैकी २१ जणी औषध घेऊन निघाल्या होत्या. हाच प्रसंग दुसऱ्या नर्सेसना नुसता कागदावर दिला, तेव्हा १२ पैकी १० जणींनी आपण देणार नाही असं सांगितलं, आणि शिकाऊ २१ जणींनी तर सगळ्यांनीच.

औषध घेऊन निघालेल्या त्या २१ जणींचा मला राग येत नाही. फोनवरच्या आवाजाला "नाही" म्हणायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शिवाय पुढे १९७७ साली दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग परिचित औषध घेऊन केला आणि नर्सेसना एकमेकींशी बोलायची मोकळीक ठेवली. तेव्हा १८ पैकी दोघीच औषध द्यायला तयार झाल्या. माणसं तशीच, आज्ञा तशीच. फरक इतकाच की औषध माहीत होतं आणि विचारायला शेजारी कुणीतरी होतं.

येल विद्यापीठात स्टॅनली मिल्ग्रॅमने १९६१ मध्ये सुरू केलेले प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतील. "शिकणाऱ्याचं" उत्तर चुकलं की प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा. झटके खोटे, विव्हळणारा माणूस नाटक करणारा, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नाही. मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. यातल्या कितीतरी जणांनी तोंडाने विरोध केला होता, घामाघूम झाले होते, "हे थांबवायला हवं" म्हणत होते, आणि बटण दाबत होते. म्हणजे कुरकुर करून आज्ञा पाळली तर ती पाळलीच. माझ्या दृष्टीने त्याहून कामाचा आहे तो नंतरचा प्रकार: शेजारी बसलेल्या दोघांनी उठून नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले.

म्हणून शंका आली की पहिली पायरी हीच, दुसरा माणूस गाठा. "जरा हे बघतेस का?" एवढं विचारायला कुठलं धाडस लागत नाही.

बोलायचं कसं

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अमेरिकन या कंपन्यांच्या दोन जंबो विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानाचे कॅप्टन त्या कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी एकदा इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली, तेव्हा सहवैमानिकाने सांगितलं की अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन थांबले. थोड्या वेळाने पुन्हा निघाले, तेव्हा उड्डाणाची परवानगी तेव्हाही नव्हती, पण सहवैमानिकाने दुसऱ्यांदा अडवलं नाही. धावपट्टीवरून वेग घेत असताना फ्लाइट इंजिनियरने विचारलं, ते पॅन अमेरिकनचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. पुढे कुणी बोललं नाही.

मी हे शिकवताना त्या प्रश्नापाशी थांबते. त्या इंजिनियरच्या मनात शंका होती, आणि त्याने ती विचारली. पण प्रश्नाला "हो" म्हणून उडवून लावता येतं. "विमान धावपट्टीवर असू शकतं, थांबा" हे वाक्य उडवून लावायला समोरच्याला जास्त जोर लागला असता. आपल्यालाही मोठ्यांशी बोलताना प्रश्नाचा आडोसा घ्यायची सवय असते: "सर, हे असंच करायचंय ना?" तो आडोसा सोडायला शिका.

मी शिकवते ती रीत अशी. आधी हाक, म्हणजे लक्ष वेधलं जाईल. मग डोळ्यांना दिसतं ते, मत नाही. मग आपली काळजी, आणि शेवटी नेमकं काय हवं ते. "सर, संमतीपत्रावर डावा गुडघा लिहिलाय आणि तयारी उजव्याची झाली आहे. मला हे ठीक वाटत नाही. चीर देण्याआधी एक्स-रे बघू या." यात "तुम्ही चुकलात" कुठे आलं? कुठेच नाही. उलट त्यांची लाज राखली गेली, आणि ती राखायची असते, कारण माणूस चारचौघांत लाजला की चूक सुधारायच्या ऐवजी तिला चिकटून बसतो.

उत्तर आलं नाही तर तेच दुसऱ्यांदा, थोडं मोठ्याने. विमान कंपन्यांत आणि हॉस्पिटलांत या दोनदा बोलण्याचा नियमच झाला आहे: पहिल्यांदा कदाचित ऐकूच गेलं नसेल. दुसऱ्यांदाही उडवून लावलं तर तिसरं वाक्य एका शब्दाचं. "थांबा." आणि लगेच भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे वळून, "मॅडम, तुम्ही बघा." याला चहाडी म्हणत नाहीत.

तोंडी सांगितलेली मात्रा उलट म्हणून दाखवा: "दहा मिलिग्रॅम, शिरेतून, आत्ता. बरोबर?" हे सगळ्यांशीच करा, ज्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे त्यांच्याशीसुद्धा. मग ज्यांच्यावर नाही त्यांना ते टोचत नाही.

नकार द्यायची वेळ

फार क्वचित येते, पण आली तर वाक्य तयार हवं: "हे मी करणार नाही. का ते लिहून देते." एवढंच. भाषण नको. नकार त्या एका आज्ञेला द्यायचा, बाकीचं काम नेहमीसारखं चालू ठेवायचं. "मला वरून सांगितलं होतं" या ढालीचा भरवसा धरू नका. १९४५ च्या न्यूरेंबर्ग न्यायालयाच्या सनदेत, आठव्या कलमात, हे स्पष्ट लिहिलं गेलं की वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून जबाबदारी टळत नाही, फार तर शिक्षेत सूट मिळू शकते. युद्धगुन्ह्यांसाठी केलेला नियम आहे तो, आमच्या औषधांच्या ट्रॉलीसाठी नव्हे. तरी सही तुमची असेल तर जाबही तुम्हालाच विचारणार.

मनातून उतरलेल्या साहेबांबरोबर काम

हे सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जास्त लागणारं कौशल्य. भरवसा गेला म्हणून वागणूक काढून घेऊ नका. तुमच्याच कामाची जागा त्याने घाण होते. त्याऐवजी भरवशाच्या जागी कागद आणा. आदेश लेखी मागा, वेळ टाका, साक्षीला कुणी असू द्या. तेही गोड आवाजात: "सर, नोंदीत लिहून द्याल का, मला नंतर आठवणार नाही." दोन आठवडे बघा, निम्मे विचित्र आदेश लिहायची वेळ आली की आपोआप गळून पडतात.

एक हद्द मात्र आहे. हत्यार फेकून मारणं, अंगचटीला येणं, सगळ्यांसमोर बापावर किंवा जातीवर जाणं, यांना "सरांचा स्वभाव" म्हणणाऱ्या सीनियर सिस्टर मी पाहिल्या आहेत आणि मला त्या कधीच पटल्या नाहीत. तिथे मान राखायचा विषय संपतो आणि तक्रार लिहायचा सुरू होतो. त्याच दिवशी, तारीख-वेळेसकट.

आणि खुर्ची तुमच्याकडे आली की

येईलच कधीतरी. तेव्हा धाक हवाच, नाहीतर कोण ऐकणार, असं सांगणारे भेटतील. टॉम टायलर या संशोधकाने शिकागोमधल्या लोकांना पोलिसांचे आणि कोर्टाचे अनुभव विचारले होते. निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, सगळ्यांना एकच माप लावलं का, नीट वागवलं का, यावर लोकांच्या मनातली त्या अधिकाराची मान्यता जास्त अवलंबून होती. माझ्या नकारलेल्या रजेच्या अर्जांचा अनुभवही हेच सांगतो. नकार पचतो. कारण न सांगता दिलेला नकार पचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. सुरुवातीला आमच्याकडे काही सर वैतागले: "मला ओळखत नाही का कुणी?" तो मुद्दा त्यांच्या ओळखीसाठी नव्हताच. ज्या मुलीने एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडून आपलं नाव सांगितलेलं असतं तिला तासाभराने "काउंट जुळत नाही" म्हणणं सोपं जातं. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय त्या ओळख परेडला नाही, हे उघड आहे, पण तो मुद्दा गाळायची मला कधी इच्छा झाली नाही.

मत विचारायचं असेल तर सर्वांत लहानापासून सुरुवात करा. लष्करी न्यायालयांत ही जुनी पद्धत आहे, कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेतात, म्हणजे वरिष्ठाचं ऐकून तो आपलं बदलणार नाही. तुमचं मत शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर पुढे फक्त माना डोलतील, आणि तुम्हाला वाटेल एकमत झालं.

तुम्हाला कुणी थांबवलं आणि त्याचंच चुकलेलं निघालं, ही खरी परीक्षेची वेळ. मॉप बरोबरच होते, मुलीने एक कमी मोजला, दहा मिनिटं गेली, भूल वाढवावी लागली, सगळे तिच्याकडे बघताहेत. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "बरं झालं थांबवलंस. पुढच्या वेळीही असंच थांबव." मोजायचं कसं ते नंतर, एकटीला बोलावून शिकवा.